कान धरून म्हटलेलं गाणं

मंगळवार. शहादा. उशीर सतरा मिनिटांचा. हजर चौतीस जण, त्यांत तिसऱ्या रांगेत माझा जावई.

शेळीपालनाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. म्हसावदहून माझी एसटी उशिरा निघाली. मी दारात दिसताच शिकवणारे साहेब म्हणाले, "या काका! उशिरा येणाऱ्याने कान धरून गाणं म्हणायचं. आणि ते तुमचं अहिराणी शे-फे नको हं, शुद्ध मराठीत."

मी एकोणपन्नास वर्षांचा. घरी बावीस शेळ्या. साहेबांनी एकही पाळलेली नाही, हे त्यांनीच नंतर सांगितलं. तरी मी कान धरले. शाळेतली प्रार्थना आठवली, तीच म्हटली. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला. लोक हसले. सर्वांत मोठ्याने मीच हसलो. जावई वहीत बघत राहिला. दुपारी त्याने माझ्यापुढे ताट ठेवलं, पण तोंडाकडे पाहिलं नाही.

लाज तिथे संपली असती तर बरं होतं.

चार महिन्यांनी, घरच्या शेळ्या बघून, गावोगावी शिकवायला मलाच प्रशिक्षक नेमलं. हातात साहेबांची फाइल. पहिल्याच पानावर: दहाला सुरुवात, उशिरा येणाऱ्यांना गाणं. मी ते जसंच्या तसं चालवलं. दोन गावांत सहा जणांना कान धरायला लावले. लोक हसायचे आणि मला वाटायचं, वर्ग रंगला.

तिसरं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. त्या दिवशी साहेब तपासणीला येऊन मागे बसले होते. एक आजी पंचवीस मिनिटं उशिरा आली. डोंगरातून पायी. गुडघ्यापर्यंत धूळ. मी म्हणालो, "माय, कान धर, गानं म्हन."

तिने कान धरले नाहीत. बाजारात येता-जाता शिकलेल्या अहिराणीत म्हणाली, "भाऊ, मी गानं म्हनाले नई उनू. मन्ह्या तीन बकऱ्या मरी गयात. काबर मरी गयात, ते सांग."

कोणी हसलं नाही.

मागून साहेब म्हणाले, "काका, नियम सगळ्यांना सारखा. शिस्त मोडू नका."

"नई साहेब. आज नई, उद्या बी नई. चूक मन्ही शे. फाइलमानी दहानी येळ मी तशीच ठेवी, यासले इचारं बी नई."

"मग पुढच्या गावाला दुसरा माणूस बघावा लागेल."

"देखा."

मग मी स्वतःचे कान धरले. आजीसमोर, अठ्ठावीस जणांसमोर. तीच प्रार्थना. आवाज पुन्हा तिथेच चिरकला. आजीच वैतागली. "बस आते, भाऊ. बकरीनं सांग."

फाइलमध्ये प्रत्यक्ष शेळी तिसऱ्या दिवशी दाखवायची होती. मी फाइल मिटली, सगळ्यांना अंगणात नेलं, बांधलेल्या शेळीची खालची पापणी ओढून दाखवली. आतून फिकट पांढरी. म्हणजे पोटात जंत, अंगात रक्त नाही. आजीने पापणी स्वतः ओढून पाहिली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"अशीच व्हती," ती म्हणाली. "तिन्हींनी पापनी."

हे तिला कोणी सहा महिने आधी दाखवलं असतं तर?

पुढचं गाव मला मिळालं नाही. जिथे मिळेल तिथे आधी विचारीन, तुमची गाडी किती वाजता येते. आणि पहिल्या तासाला शेळी, फाइल नाही.

हजेरीतून ती सहा नावं मी उतरवून घेतली आहेत. ज्यांच्यासमोर त्यांचं हसं झालं, त्यांच्याचसमोर कान मी धरणार.

फेडलं: एक गाणं, त्या आजीला.

बाकी: सहा.