चुकायची पाळी

बावीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईंना वरून फर्मान आलं: उत्तर सांगायचं नाही, मुलांनी ते स्वतः शोधायचं. बाईंना ते मनापासून पटलं. एकदा मुलं डब्यांच्या झाकणांभोवती दोरा गुंडाळून मापं घेण्यात खरंच रमली, तर धडा मागे पडला म्हणून मुख्याध्यापकांनी बाईंची खरडपट्टी काढली. मग बाईंनी शोधच बसवून घेतला: कोण चुकणार, कोण अडखळणार, कोणाला शेवटी सुचणार. तपासणीचे साहेब खूश झाले. दर आठवड्याला पाहुणे आणतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दार लोटून मुलांना एक नवाच प्रश्न घातला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आज चुकायची पाळी कोणाची?"