सासरी गेलेला फोल्डर

काका बोट तोंडात घालत, चांगलं ओलं करत आणि त्याच बोटाने कॉम्प्युटरचा पडदा पुसत. सुपारी चघळणाऱ्या माणसाची ती थुंकी. पडद्यावर तांबूस वळ उठत आणि त्या वळांमागून झाशीतल्या आम्हा मराठी घरांचे फोटो दिसत. मला ओकारी यायची.

लक्ष्मी गेटपाशी ते आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. रेल्वेच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्म घालवून रिटायर झालेले. मराठी मंडळाचा कॉम्प्युटर त्यांच्याच बैठकीत होता आणि घरोघरचे जुने फोटो स्कॅन करून त्यात लावायचं काम त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलं होतं. प्रत्येक आडनावाचा एक फोल्डर, त्यात वर्षवार मुंजी, बारशी, गणपती. स्कॅन झालं की मूळ फोटो रद्दीत. "आता कागदाला काय करायचंय? धूळ खाणार, बस," म्हणत आमचा अल्बमही त्यांनी वडिलांकडून रद्दीवाल्याला देववला. वडील भिडस्त, देऊन मोकळे झाले.

तुमच्याही ओळखीत असा एखादा टापटिपीचा माणूस असेल. शर्टाच्या खिशावर कचोरीच्या तेलाचा डाग, की-बोर्डच्या फटींत शेवेचा चुरा, पायाशी पिंक टाकायला तुपाचा रिकामा डबा. आणि दुसऱ्याच्या डेस्कटॉपवर चार फायली सुट्या दिसल्या की हाच नाक मुरडणार. "छी, काय पसारा मांडलाय. एक वस्तू, एक जागा." कॉपी हा शब्द तर त्यांना शिवीसारखा वाटे. तोच फोटो दोन ठिकाणी सापडला की घरात उंदीर निघाल्यासारखे अस्वस्थ होत.

हेही मी सोसलं असतं. पण काकांची एक रीत होती. मुलीचं लग्न झालं की तिचे सगळे फोटो माहेरच्या फोल्डरमधून कट करून सासरच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायचे, अगदी पाळण्यातलेसुद्धा. मुलगी बाहेरगावी दिलेली असली तर फोटो पेन ड्राइव्हवर जात आणि पाठवणीच्या वेळी काका त्याला कुंकू लावून तो जावयाच्या हातात ठेवत. इकडे एकही उरत नसे. लोकांना याचं केवढं कौतुक. बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

माझं सासर गावातलंच, मानिक चौकातलं. तिथे काय भोगलं ते सांगत बसत नाही. मी परत आले ती कायमची. आल्यावर काकांकडे गेले, तर माझे परकर-पोलक्यातले फोटो त्या लोकांच्या आडनावाखाली. ज्यांनी मला जिन्यावरून ढकललं त्यांच्या नावाखाली माझे दुधाचे दात. अंगावर पाल पडावी तशी शिसारी आली.

"काका, माझे फोटो परत आमच्या फोल्डरमध्ये ठेवा."

"अगं बेटा, गेलेलं परत आणायची रीत नाही आपल्यात. कोर्टाचं होऊ दे, मग बघू."

"मग कॉपी तरी द्या."

"कॉपी केली की दोन-दोन तू होणार. त्यातली खरी कुठली?" असं म्हणून त्यांनी बोट ओलं केलं आणि पडदा पुसला, नेमका माझ्या तोंडावर.

मी घरी येऊन साबण लावून तोंड धुतलं. पुढे कोर्टाचा निकालही लागला, तरी त्यांचं "बघू" काही संपेना. ते वाटेत दिसले की मी पलीकडच्या बाजूने जायची.

मग मुन्नी आली. मुन्नी म्हणजे काकांची एकुलती लेक, माझ्याच वर्गातली, भोपाळला दिलेली. कडेवर पोर आणि हातात एक पिशवी. गल्लीला जे समजायचं ते समजलं. मी भेटायला गेले, आणि खोटं कशाला बोलू, मनात म्हणत होते की आता कळेल यांना रीत.

काका कॉम्प्युटरपुढे बसले होते. स्वतःच्या आडनावाचा फोल्डर उघडा होता आणि त्यात मुन्नी कुठेच नव्हती. त्यांनी भोपाळला फोन करून पेन ड्राइव्ह मागितला होता. "वो तो कब का फेंक दिया, भाईसाहब," असं तिची सासू म्हणाली होती. घरचा अल्बम त्यांनी स्वतःच रद्दीत घातलेला.

मला बघून त्यांनी मानिक चौकवाल्यांचा फोल्डर उघडला. माझे फोटो एकेक करून पुढे सरकवत गेले आणि एका फोटोवर थांबले. चैत्रातलं हळदीकुंकू, आमची ओसरी, मी आणि मुन्नी एका ताटलीतून वाटली डाळ खातोय. तो माझ्या वडिलांनी काढलेला, म्हणून आमच्या फोल्डरमध्ये होता आणि माझ्याबरोबर माझ्या सासरी गेला होता. मुन्नीच्या लहानपणाचा तेवढाच उरला होता.

काकांनी बोट ओलं केलं आणि मुन्नीचं तोंड पुसलं. मला किळस आलीच. या वेळी मी उठले मात्र नाही.

"बेटा, हा मी घेऊ का?"

"घ्या की. पण कट करून नेलात तर मी कुठे राहू?"

त्यांनी माउस कटपर्यंत नेला आणि तिथूनच मागे घेतला. मग म्हणाले, "कॉपी कुठं असतं गं?" कटच्या शेजारचाच शब्द, पण त्यांना दिसेना. मी दाखवला. त्यानंतर त्यांनी माझे सगळे फोटो उचलून माझ्या वडिलांच्या फोल्डरमध्ये आणून ठेवले. चुकलं वगैरे काही नाही. "झालं. जा," एवढंच.

काका गेल्यावर मंडळाने कॉम्प्युटर माझ्याकडे दिला. तुपाचा डबा मी सगळ्यात आधी फेकला, पडदा स्पिरिटने घासला, की-बोर्ड उलटा करून झटकला तेव्हा शेवेबरोबर काय काय पडलं ते सांगवत नाही. मग एकेक फोल्डर उघडून बघायला लागले. पहिल्याच परक्या आडनावाखाली मी आणि मुन्नी डाळ खात बसलेल्या. पुढच्यातही आम्ही, त्याच्या पुढच्यातही. गावातल्या प्रत्येक मराठी घराच्या फोल्डरमध्ये काकांनी तो फोटो ठेवला होता. मानिक चौकवाल्यांचा तेवढा सोडून.

छी, काय पसारा मांडलाय. मी त्यातला एकही काढलेला नाही.