प्लेगच्या छपऱ्यांची किल्ली

सरकारला पैसे द्यायला माझी कधीच ना नव्हती. जमिनीचा धारा वेळेवर भरला, त्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड भरला, आणि भरताना तोंडही सोडलं. फुकटचे सल्ले देणारे पुष्कळ असतात. मी पैसे मोजून सल्ले देत आलो. भिसेगावात मला 'अर्जवाले तात्या' म्हणतात, आणि त्या अर्जांतले निम्मे तरी एकाच गोष्टीवर होते: गावाबाहेर नदीच्या अंगाला उभ्या असलेल्या प्लेगच्या छपऱ्या.

त्या छपऱ्यांचा राखणदार पोशा ठाकूर गेल्या वर्षी वारला. नोकरीत त्याच्यावर एकही डाग नव्हता असं कचेरीतले लोक म्हणाले. ते खरंच आहे. पण तो डाग कसा टळला हे मला माहीत आहे, आणि माझ्यामागे ते सांगणारं कोणी उरणार नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी छपऱ्यांचं सांगतो. प्लेगच्या पहिल्या साथीत आजाऱ्यांना वेगळं ठेवायला सरकारने त्या घाईघाईने उभ्या केल्या. लांबलचक, डोक्यावर पत्रे, आत लोखंडी खाटा, दर खाटेवर एक जाड कांबळं. बांधून होईतो आमच्याकडचा प्लेग ओसरत आला होता. पुढे एक-दोनदा थोडी माणसं राहिली, आणि मग वर्षानुवर्षं कोणीच नाही. पण दर वर्षी पावसाळा सरला की चुना लागायचा, खांबांना डांबर लागायचं. कांबळी बाहेर काढून उन्हात घालायची आणि परत आत न्यायची. मग साहेब येऊन बघून जायचा आणि छपऱ्या उत्तम स्थितीत आहेत असा शेरा मारायचा. उत्तम असणारच, वापरतो कोण? इकडे भिसेगावच्या रस्त्यात बैल रुतत होते आणि शाळेतली पोरं देवळाच्या ओसरीवर पाढे म्हणत होती. मी अर्ज केला की एक छपरी शाळेला द्या, एक दवाखान्याला द्या, बाकीच्यांचे पत्रे विकून रस्ता करा. उत्तर आलं, विचार चालू आहे. तो विचार मी म्हातारा झालो तरी चालूच आहे.

राखणीला गावातलं कोणी मिळेना. प्लेगचं नाव काढलं की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. तेव्हा डोंगरातल्या एका ठाकरवाडीवरून पोशा आला. बुटका, काटक, कमी बोलणारा. सोबत बायको सोमी आणि तिच्या कडेवर मुलगी चिमा. छपऱ्यांच्या बाजूला त्याने कुडाची लहानशी झोपडी घातली. त्याच्या हातात किल्ली पडली त्या दिवशी चावडीवर कोणीतरी त्याच्या तोंडावर म्हणालं, "ठाकराच्या हातात किल्ली दिलीत. आता बघा, एकेक कांबळं डोंगर चढतं की नाही." सगळे हसले. पोशाही हसला. पण ते बोलणं त्याच्या मनात कायमचं रुतलं, आणि पुढची वीस वर्षं तो ते खोटं पाडत राहिला.

एका थंडीत सोमी तापाने फणफणली, तेव्हा त्याने तिच्या अंगावर गोणपाट घातलं, पण आतलं कांबळं आणलं नाही. पावसात शेळी छपरीच्या पागोळीखाली उभी राहिली तर तिला हुसकून लावायचा. मी चिडायचो.

"पोशा, अरे ही माझ्या पैशाची राखरांगोळी चालली आहे."

"मंग माझा पगार पन तुमच्याच पैशातला ना, तात्या?"

"नुसता माझ्या नाही, तुझ्याही. वाडीवर तुझा नाचणीचा तुकडा आहे, त्याचा धारा भरतोस, लोकल फंड भरतोस. हे पत्रे तुझेसुद्धा आहेत."

तो खूप वेळ हसत होता. "माझ्या झोपडीवर पेंढा आन माझे पत्रे हितं. बरा मालक हाय मी." मग गंभीर होऊन म्हणाला, "पन माझे असतील तर जास्तच जपाया पायजेत." मी कपाळाला हात लावला. कर भरणाऱ्याने हिशेब मागायचा असतो हे मी त्याला शिकवायला गेलो, आणि तो राखण करायचंच अधिक शिकला.

एकोणीसशे अठरा सालच्या नवरात्रात तो इन्फ्लुएन्झाचा ताप आला. लढाईवरून आला म्हणत. सकाळी बोलणारा माणूस संध्याकाळी आडवा व्हायचा. स्टेशनच्या आवारात लाइनीवरचे परमुलखातले मजूर बोचक्यावर डोकं ठेवून पडलेले असत, त्यांना पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. डोंगरात तर वाड्याच्या वाड्या पडल्या होत्या. चिमा आता लग्न होऊन वाडीवर नांदत होती. ती, तिचा नवरा जैतू आणि म्हातारी सासू तिघं उतरून बापाकडे आली. जैतू आणि म्हातारी तापात होती. झोपडीत दोन माणसं नीट पडली तर तिसऱ्याला पाय पसरायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी चिमालाही ताप भरला. तिने आपली जागा सासूला दिली आणि बाहेर छपरीच्या कुडाला लागून चटईवर पडली. नदीकाठची जमीन ती, रात्री दवाने ओली होते. त्या कुडाच्या पलीकडे, हातभर अंतरावर, कोरड्या खाटा होत्या आणि त्यांवर कांबळी होती.

सोमी नवऱ्याला म्हणाली, "आवो, उघडा की."

"हुकूम येऊ दे," पोशा म्हणाला, आणि तसाच माझ्याकडे आला. "तात्या, अर्ज लिवा." माझ्याकडे आपण होऊन अर्ज मागणारा जन्मात तो एकटाच. मी लिहिला आणि आम्ही दोघं कचेरीत गेलो.

कारकून डोक्याला मफलर गुंडाळून बसला होता, त्यालाही कणकण होती. त्याने अर्ज वाचला. "तात्या, छपऱ्या प्लेगसाठी मंजूर आहेत. हा ताप प्लेग नाही."

"मग प्लेग व्हायला काय करावं लागेल?"

"डॉक्टरांनी तसं लिहून द्यायला हवं."

"डॉक्टर कुठे आहेत?"

"तेही तापानेच पडलेत." तो ओशाळला. माणूस वाईट नव्हता. वर तार करतो म्हणाला, आणि आमच्यासमोर त्याने ती केलीही.

परत येताना मी रस्त्यातच थांबलो. "पोशा, उघड. मी सांगतो, उघड. कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

"आज उघडली तर म्हनतील, लेक पडली म्हनून उघडली. ईस वर्सं ती मानसं हेच बघाया टपली हायत."

"टपू देत. पोरगी मोठी की त्यांची तोंडं मोठी?"

तो चालू लागला. मग म्हणाला, "तार गेली हाय ना? येल हुकूम." मी अर्जांची पुष्कळ उत्तरं पाहिली होती, त्याने एकही पाहिलं नव्हतं. त्याचा सरकारवर विश्वास होता. मी त्याच्या हातातून किल्ली हिसकावून घ्यायलाही गेलो, पण त्याची मूठ उघडेना. डोंगरात कोयता चालवलेला हात तो.

घरून मी गोधडी पाठवली. पण खालून चढणारा गारवा वरच्या गोधडीने अडत नाही. मी बघायला गेलो तेव्हा पोशा लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. चिमा मला ओळखत नव्हती, बापाला ओळखत होती.

"बा, आत ऊब असंल ना रं?"

"हाय. हुकूम आला का न्हेतो तुला."

ती तिसऱ्या पहाटे गेली. सासू त्याच दिवशी झोपडीत वारली. हुकूम आला नव्हता.

लेकीला मूठमाती देऊन पोशा नदीवरून आला, ओल्या धोतराने तसाच छपऱ्यांकडे गेला आणि त्याने एकामागून एक सगळी कुलुपं काढली. मग कोणाची तरी बैलगाडी मागून घेऊन तो स्टेशनात गेला आणि ते बेवारशी मजूर गाडीत घालून घेऊन आला. त्यांना खाटांवर निजवलं, त्यांच्या अंगावर कांबळी घातली. सोमीने चुलीवर पेज ठेवली. तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं, आणि नवऱ्याशी ती एक शब्द बोलत नव्हती. पेज मात्र सगळ्यांना देत होती. त्या मजुरांतले बरेच वाचले. कुठले होते, कुठे गेले, देव जाणे. आमची भाषाही त्यांना धड कळत नव्हती. मी त्या दारात उभा राहिलो आणि मला रडू आलं. माझा पैसा कितीतरी वर्षांनी कोणाच्या अंगावर पांघरूण होऊन पडला होता, आणि ज्या पोरीच्या अंगावर पडायला हवा होता ती चार तासांपूर्वी मातीत गेली होती.

दिवाळीनंतर तारेचं उत्तर आलं की साथ ओसरल्याने हा प्रश्न आता उरत नाही. त्याच्या मागोमाग चौकशी आली. हुकुमावाचून कुलुपं काढली, कांबळी खराब झाली, असा ठपका होता. पंच म्हणून मी हजर होतो. साहेब तरुण होता, मराठी बरं बोलायचा.

त्याने विचारलं, "छपऱ्या तू आपल्या नातेवाइकांसाठी उघडल्यास का?"

 पोशाने माझ्याकडे पाहिलं नाही, चावडीवरून आलेल्या माणसांकडे पाहिलं.

"नाय, सायेब. माझी लेक भायेरच मेली."

 साहेबाने कारकुनाला सांगितलं, "लिहा. राखणदाराने स्वतःच्या कुटुंबासाठी सरकारी जागेचा उपयोग केलेला नाही, सबब त्यास नोकरीवर कायम ठेवण्यात येत आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. चावडीवरचे लोक त्याला प्रामाणिक म्हणू लागले. ज्या शब्दासाठी तो वीस वर्षं झटला तो त्याला त्या दिवशी मिळाला.

मी त्याच्याबरोबर झोपडीपर्यंत गेलो. जैतू आता हिंडता-फिरता झाला होता, अंगणात बसला होता. सोमी चुलीपाशी होती. कितीतरी दिवसांनी ती नवऱ्याशी बोलली.

"काय झालं?"

"नोकरी ऱ्हायली."

"कशी ऱ्हायली?"

पोशाला खोटं बोलता येत नसे. साहेबाने काय विचारलं आणि आपण काय सांगितलं, ते त्याने जसंच्या तसं सांगितलं. सोमीने ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी उलटली, भाजून त्याच्या पुढ्यात ठेवली, वर कालवण वाढलं. स्वतःला घेतलं नाही.

"तू नाय जेवत?" पोशाने विचारलं.

"तुमी जेवा. पोरीच्या जिवावर ऱ्हायलेली भाकर माझ्या गळ्याखाली नाय उतरायची."

ती उठली, आपलं लुगडं आणि चिमाचं लुगडं एका फडक्यात बांधलं आणि जैतूला म्हणाली, "चल रं, उजेड हाय तवर वर पोचू." दोघं नदी उतरून डोंगराच्या वाटेला लागली. ती पुन्हा कधी खाली आली नाही. पोशा भाकरीसमोर बसून राहिला. त्याला दोन शब्द सांगावे म्हणून मी तोंड उघडलं, पण जन्मभर अर्ज लिहिलेल्या माझ्याजवळ त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं.