ठाण्याच्या पुढे

आईच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. मी तिथे नव्हते. बायकांनी खाडीवर जायचं नसतं, मग मेलेली बाई तुमची सख्खी आई का असेना. दुपारी पुरुषमंडळी डोंबिवलीला परत आली, तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाय धुता धुता सांगितलं. कल्याणच्या खाडीकाठी पिंड ठेवून सगळे लांब उभे राहिले. कावळे होते, झाडावर बसून बघत होते. भटजी म्हणाले, बाईंची काहीतरी इच्छा राहिली आहे, ती पुरी करण्याचा शब्द द्या. ठाण्याचे अण्णा, आईचे थोरले दीर, पुढे झाले आणि म्हणाले, मुलीचं लग्न यंदाच लावून देतो. कावळा हलला नाही. नाना म्हणाले, कुळधर्म चुकवणार नाही. तरीही नाही. आईला मुलगा नाही म्हणून क्रियाकर्म करायला बसलेला अण्णांचा वसंता म्हणाला, शरूला मी अंतर देणार नाही. शरू म्हणजे मी. त्याचंही कावळ्यांना काही वाटलं नाही. ऊन चढलं, मंडळींना भूक लागली... शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे घरी आले.

"काय राहिलं असेल गं तिचं?" पंचाने पाय पुसत नाना म्हणाले. "तिने तर कधी काही मागितलं नाही."

माझा कावळ्यांवर विश्वास नाही. पण त्या वाक्यावर तर मुळीच नाही. गेले काही आठवडे आमच्या दोन खोल्यांत जो येतो तो सतरंजीवर बसतो, उसासा टाकतो आणि हेच म्हणतो... कधी काही मागितलं नाही हो त्यांनी. हे खोटं आहे, आणि ते छापून खोडून काढावं म्हणून मी लिहिते आहे. तिने मागितलं होतं. स्पष्ट मराठीत, याच घरात, नाना समोर बसलेले असताना मागितलं होतं. तिला माझ्याबरोबर दोन दिवस मुंबईला जायचं होतं. शनिवारी दुपारी निघायचं, रात्री तिथे राहायचं, रविवारी संध्याकाळी परत यायचं. एवढंच.

डोंबिवलीहून मुंबई म्हणजे काही विलायत नव्हे. नाना रोज कचेरीला जातात. आईने मात्र लग्न झाल्यापासून मुंबई पाहिली नव्हती, कारण तिची मुंबई ठाण्याला संपायची. टेंभी नाक्याजवळ अण्णांचं घर, घराण्याचे देव तिथे. तेव्हा ठाण्यावरून सरळ पुढे जाणं म्हणजे थोरल्यांचं घर ओलांडणं. असा कायदा कुणी केलेला नाही. कायदा असता तर तो मोडून तुरुंगात तरी जाता आलं असतं. रीत अशी की आधी ठाण्याला उतरायचं, देवाला नमस्कार, थोरल्यांना नमस्कार, आणि मग पुढे. एकदा उतरलं की काकू, म्हणजे वसंताची आई, विळी पुढे सरकवणार. कुणाचं बाळंतपण, कुणाची मुंज, काहीच नसलं तर पापड लाटणं. आई पिशवी घेऊन मुंबईला निघायची आणि हातांना हिंग-हळदीचा वास घेऊन ठाण्याहूनच परत यायची. मी एकदा नानांना विचारलं, तुम्ही रोज ठाण्यावरून जाता, तुम्ही कुठे उतरता? ते म्हणाले, "मी कामाला जातो." आणि ती काय सहलीला जात होती?

मी शाळेत शिक्षिका म्हणून कायम झाले त्या वर्षी तिला विचारलं, आई, तुला काय हवं? मला वाटलं, एखादं पातळ सांगेल. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मुंबईला जाऊ. दोघीच. रात्री राहू."

"ठाण्याला?"

"ठाण्याला मेलं कोण जातंय."

मग कितीतरी दुपारी आमचा तोच उद्योग होता. बेत करायचा, मोडायचा, पुन्हा करायचा. मी माझ्या शिस्तीने सुरुवात केली होती, राणीचा बाग, म्युझियम, संध्याकाळी एखादं व्याख्यान. तिने व्याख्यान पहिल्या झटक्याला कापलं. "ते तू घरी देतेसच." तिची पहिली अट, कुणाच्याही घरी उतरायचं नाही. अलीकडे मुंबईत राहायला आलेल्या तिच्या भावाकडेसुद्धा नाही. तिथे भावजय चुलीपुढे बसणार, मग माझ्याने बाहेर बसवेल का, म्हणाली. लॉजवर उतरायचं. हॉटेलात खुर्चीवर बसून जेवायचं. गरम पोळी, पहिली पोळी तिच्या पानात पडली पाहिजे आणि जेवून झाल्यावर ताट तिथेच ठेवून उठायचं. मी म्हटलं, "आणि समुद्र?" म्हणाली, "बघू की, वेळ उरला तर." पण खरी गोष्ट होती रविवारच्या सकाळची. ती तिने मला एकदाच सांगितली, सूप बाजूला ठेवून. "सकाळी उठायचं आणि अंथरुणातच बसून राहायचं. चहा कुणीतरी आणून देईल. मला कळू दे तरी एकदा, डोळे उघडले आणि कुणालाच काही नको असलं तर कसं वाटतं."

नाना वाईट माणूस नाहीत. माझा राग त्यामुळेच जास्त आहे. बेचाळीस साली ते सदऱ्याच्या आत चक्रमुद्रित पत्रकं लपवून आणायचे. मी अक्षरं जुळवायला त्या पत्रकांवर शिकले, पाठ्यपुस्तकावर नाही. एक माणूस दुसऱ्यावर मालकी सांगू शकत नाही, हे मी सात-आठ वर्षांची असताना घडाघडा म्हणायची आणि नाना कौतुकाने शेजाऱ्यांना ऐकवायचे. ती पत्रकं आई तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवायची. शिपाई झडतीला आला तेव्हा दाराशी नाना नव्हते, ती होती. "पसाभर तांदूळ देऊ का," असं तिने त्याला विचारलं होतं. त्याच नानांनी मुंबईचा बेत ऐकून विचारलं, "सख्खा भाऊ ठाण्याला असताना बायका लॉजवर उतरणार? लोक मला काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत," आई म्हणाली. "तुम्ही आणि मी सांगितलं नाही तर लोकांना कळणार कसं?"

त्यांनी नाही असं कधीच म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. ते म्हणायचे, जा की, पण याच आठवड्यात कशाला? मग पाहुणे यायचे, चातुर्मास लागायचा, नानांना खोकला व्हायचा. बेत ठरायचा आणि मोडायचा. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी परस्पर स्टेशनवर गेले आणि आई पिशवी घेऊन तिथे आली. सकाळी नानांच्या कानावर घालून, त्यांचं रात्रीचं जेवण झाकून, चुलीजवळ ठेवून आली होती.

बायकांच्या डब्यात आम्ही दोघी आणि दोन कोळणी. ठाणं आलं. फलाटावर वसंता उभा होता, प्रत्येक खिडकीत डोकावत. आम्ही दिसताच त्याने गजातून हात आत घातला.

"काकू, उतरा. पिशवी द्या इकडे."

"तू कसा रे इथे?"

"नानाकाकांनी सकाळीच निरोप पोचवला ना. उद्या कुळधर्म आहे. आई कधीची वाट बघतेय, पुरण तुम्हीच घालायचं म्हणतेय."

आई उठली. खरं सांगते, ती उठली. तिचे पाय तिच्याआधी उठले, इतकी वर्षं ते त्याच फलाटावर उतरत आले होते. मी काही बोलणार एवढ्यात तिने माझ्या गुडघ्यावर हात दाबला आणि परत बसली.

"वसंता, आज आम्ही पुढे चाललोय."

"अहो, पण अण्णांना काय सांगू?"

"सांग, काकू भेटली. आणि आईला सांग, पुरण सैल झालं तर परतून घ्यायचं. बिघडत नाही."

गाडी हलली. वसंता थोडा चालत आला, मग थांबला. मुलुंड गेलं तरी आईने खिडकीचा गज सोडला नव्हता. पुढचं स्टेशन आलं तशी तिने विचारलं, "हे कुठलं?" भांडुप, मी म्हटलं. "म्हणजे ठाण्याच्या पुढे ना?" तिने स्वतःशीच मान हलवली. समोरची कोळीण हसून म्हणाली, "पुढं नाय तर काय मागं, बाय?"

दादरला उतरून दुमजली ट्राममध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसलो. गिरगावात एका खाणावळवजा हॉटेलात जेवलो. वाढप्याने पहिली पोळी तिच्या पानात टाकली, तिने ती सवयीने उचलून माझ्या पानात ठेवली, आणि मी बघतेय तोवर परत घेतली. "नाही. पहिली माझी." जेवण झाल्यावर तिचा हात ताटाकडे गेला. वाढपी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हो बाई, आम्ही कशाला हाय?" ती उठली, हात धुतले, आणि दारातून एकदा मागे वळून त्या खरकट्या ताटाकडे बघितलं. चौपाटीवरही गेलो. वाळूत पाय रुतवून ती शेंगदाणे खात बसली होती, तेव्हा ती मला माझ्याच वयाची वाटली.

मग लॉज. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "बरोबर पुरुष कोण?"

मी म्हटलं, कुणी नाही. मी शिक्षिका, ही माझी आई.

"पुरुषाशिवाय बायकांना खोली देत नाही. चांगल्या वस्तीतलं लॉज आहे हे."

मी जे बोलायचं ते सगळं बोलले. आईने मध्येच शांतपणे सांगितलं, "अहो, पुरुष घरी ठेवून आलोय म्हणूनच तर खोली हवी." बाकड्यावर बसलेले दोघे-तिघे हसले. तो हसला नाही. दुसऱ्या लॉजवाल्याने नवऱ्याची चिठ्ठी आणा म्हणून सांगितलं. निवडणुकीत आमच्या बोटांना शाई लावून घेतली होती या देशाने. दिल्लीत कोणी बसायचं हे ठरवायला माझी आई चालत होती. चार भिंतींत एक रात्र झोपायला मात्र तिच्यावर भरवसा नव्हता. त्या दोन काउंटरवाल्यांनाही स्वातंत्र्य मिळालं होतं, त्यांनी ते आमच्यावर वापरलं.

दिवेलागणीची गाडी पकडून परत आलो. ठाण्याला आई डोळे मिटून बसली. ठाणं गेल्यावर म्हणाली, "शनिवार झाला. रविवार राहिला." घरी नाना आरामखुर्चीत होते. "आलात? बरं झालं. मी जेवायचा थांबलोय." झाकलेलं ताट जिथे ठेवलं होतं तिथेच होतं. आईने पिशवी ठेवली, पदर खोचला आणि आमटी गरम करायला घेतली.

त्यानंतर ठाण्याहून आम्हाला बोलावणं येणं बंद झालं. सणाला नाही, कुळधर्माला नाही. दोन वर्षं अण्णांनी आईचं नाव टाकलं. ही शिक्षा होती, आणि ती तिला फार मानवली. "आणखी दोन-चार जणांचा अपमान केला असता तर सगळं वर्ष सुट्टी मिळाली असती," म्हणायची. रविवारचा बेत आम्ही सोडला नव्हता. बायकांना खोली देणारी एक जागा माझ्या मैत्रिणीने शोधून ठेवली होती. पण आईच्या पोटात दुखायला लागलं होतं. दुखतं म्हटलं की नाना म्हणायचे, ओवा खा. डॉक्टर म्हणाले, या वयात बायकांचं असं असतंच. असतंच, असतंच म्हणता म्हणता तिला कल्याणला दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? त्या प्रश्नावर आमच्या घरातला एकही पुरुष बोलला नाही. मी बोलले. मला बाहेर थांबायला सांगितलं.

शेवटच्या दिवसांत एका सकाळी गेले तर ती उशीला टेकून बसली होती. हातात कप. नर्सने दिलेला चहा.

"शरू, डोळे उघडले आणि कुणालाच काही नको होतं," ती म्हणाली. मग एक घोट घेऊन... "चहा गार आहे मात्र."

म्हणून सतरंजीवर बसून कुणी तिला अन्नपूर्णा म्हणालं की मी उठून जाते. दोन वर्षं जिला उंबरा बंद केला तिच्या पुरणपोळीच्या आठवणी काकू डोळे पुसत सांगतात. वसंता मान डोलावतो. त्या फलाटावर काय झालं, ते त्याच्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही.

मुंबईहून आल्यावर आईने घरात एक पद्धत पाडली होती. शनिवारी माझी शाळा सकाळची, नाना कचेरीतून जरा उशिरा येत. मी आले की ती स्वयंपाकघराचं दार लावून आतून कडी घालायची. "हॉटेल उघडलंय. बसा, गिऱ्हाईक." तव्यावरची पहिली पोळी तिची, दुसरी माझी. आळीपाळीने लाटायचं, आळीपाळीने जेवायचं. नाना आले तरी आमची जेवणं होईपर्यंत कडी निघायची नाही. ते दारावर एकदा टिचकी मारायचे, मग पुन्हा मारायचे, आणि आई घाईने शेवटचा घास घ्यायची.

दिवसकार्य संपल्यावरही काकू स्वयंपाक बघायला राहिल्या होत्या. मागच्या आठवड्यात त्या ठाण्याला परत गेल्या. काल शनिवार होता. शाळेतून आले, कणीक भिजवली, दार लावलं आणि कडी घातली. पहिली पोळी पानात घेतली तेवढ्यात टिचकी वाजली.

"शरू, झाल्या का गं पोळ्या?"

"होताहेत. आधी मी जेवते आहे."

दुसरी टिचकी वाजेल म्हणून मी घास हातात धरून बसले होते. मग पाट ओढल्याचा आवाज झाला.

"सावकाश जेव," नाना म्हणाले. "मी थांबतो."

मी सावकाश जेवले. ते थांबले. आढं कोसळलं नाही, लोक जमले नाहीत, कुणाचं घर ओलांडलं गेलं नाही. इतकं सोपं होतं.