घरातला माणूस कोण

शाळेच्या सर्वेक्षणासाठी मी पेण-रोह्याच्या गावांत दारोदार प्रश्न विचारत हिंडायचो. वरसे गावात खोली घेऊन एकटाच राहायचो. आमचा नियम असा की, एका चुलीवरचं जेवतात तेवढेच घरातले. एका घरी मुलीचा बाप कुवेतला होता, म्हणून मी त्याला वगळलं. मुलीची आई भडकली.

"असं कसं? रोज जेवताना फोन समोर ठेवतो आम्ही. तिचा अभ्यास तोच घेतो. तो घरातला नाय, मग कोण हाय?"

तिचं खरं होतं. हा नियम करणाऱ्याच्या घरचं कुणी कधी लांब गेलेलं नसणार. चिडून मी ऑफिसला तसं कळवलं, आणि प्रश्नावलीत एक नवा प्रश्न आला: मुलाशी रोज कोण बोलतं?

गावात नेण्याआधी प्रश्न कुणाला तरी विचारून बघायचा होता. मी पुण्याला बायकोला फोन लावला आणि आपल्या मुलाबद्दल तोच प्रश्न विचारला.

"आजी, मामा, शेजारच्या काकू," तिने सरळ सांगितलं. मग म्हणाली, "झालं? का अजून काही विचारायचंय?"

मी म्हणालो, "झालं."