ऑगस्तच्या पिंपातले पांढरे दगड

दुपारचं जेवण अंगावर आलेलं. हेमांगी स्वयंपाकघरातल्या बाकावर नुसती टेकते, डोळे मिटतात न मिटतात तोच समोर सासरा बसलेला. ऑगस्त. गेल्या हिवाळ्यात ज्याला पुरलं, तोच. टोपी मांडीवर, बुटांना पांढरी माती. ती हबकते, पण मनात आधी येतं ते भलतंच, की फरशी आत्ताच पुसली होती.

"पोरी, पिंपाकडे चल," तो म्हणतो. तेही अस्सल दिंडोरीच्या मराठीत. दिंडोरीहून ती फ्रान्समधल्या या टीचभर मळ्यात सून म्हणून आली, तेव्हापासून म्हातारा मराठीतला एकच शब्द शिकला होता, 'पुरे', आणि तो ताटावर आडवा हात धरूनच म्हणायचा.

दार उघडतं ते थेट मळ्यात. वेलींच्या रांगा चुनखडीच्या उतारावर चढतात आणि वर जाता जाता त्यांच्यावर मंडप येतो, माहेरच्या बागेवर आहे तसा. पापा, मातीखाली थंडी नाही ना वाजत, असं ती त्याला विचारते. खाली चुना आहे, कोरडं असतं, असं तो इतक्या सहज सांगतो की तिला हसू येतं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटते.

मंडप खाली वाकतो, त्याचं तळघर होतं. समोर ते पिंप. ऑगस्तने स्वतःच्या हातांनी तोडलेल्या शेवटच्या द्राक्षांची वाईन त्यात आहे. म्हाताऱ्याचं म्हणून घरात एवढंच उरलंय. लाकडातून वाईन उडत राहते, पिंपात हवा साचते आणि हवेने वाईन नासते. वर ओतायला तीच वाईन नसेल तर धुतलेले खडे टाकून पातळी वर आणायची, ही या घराची रीत. मागच्या आठवड्यात हेमांगीने तेच केलं. फक्त नदीचे खडे न घेता मळ्यातले पांढरे दगड वेचले, शिंपल्यांचे ठसे असलेले. म्हाताऱ्याला आपल्या जमिनीची सोबत व्हावी म्हणून. कुणाला सांगितलं नाही, पण स्वतःची पाठ मात्र थोपटून घेतली.

"कान लाव," ऑगस्त म्हणतो.

आत बारीक चुरचुर चाललीय.

"तुझे दगड आहेत ते. चुना आंबटात विरघळतो आणि वाईनची चव मारून टाकतो. मी नदीचे खडे का ठेवले होते?"

माहेरच्या शहाबादी फरशीवर, तीही चुनखडीचीच, लिंबाचा रस सांडला की कसा डाग पडतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. दगड टाकताना अक्कल कुठे गेली होती?

पिंपाच्या भोकातून जेमतेम दोन बोटं जातात. म्हाताऱ्याचा हात कोपरापर्यंत जातो. ती त्याची बाही धरून मागे ओढते. हात बाहेर येतो तो पांढराफटक, बोटांची टोकं झिजलेली. त्या हाताने तो तिच्या तळव्यावर काहीतरी ठेवतो आणि तिची मूठ मिटवतो.

"मला वाटलं, तुम्हाला सोबत होईल," ती रडत म्हणते.

तो हात आडवा धरतो. "पुरे."

हेमांगी बाकावर उठून बसते. मूठ आवळलेली, ओली. उघडते तर पांढरा दगड, वाईनचा वास येणारा. ती ओळखते. सगळ्यात शेवटी टाकलेला, अख्ख्या शिंपल्याचा. आता शिंपल्याच्या कडा गेल्यात.

ती धावत तळघरात जाते. पिंपाचं बूच ठोकून घट्ट बसवलेलं, तसंच. वर येऊन ती नवऱ्याला हाक मारते, लूक, पंप आण, पापांची वाईन आत्ताच्या आत्ता दुसऱ्या पिंपात काढायचीय.

लूक कारण विचारतो. ती मूठ उघडून दाखवते.