घळीतले बारीक आवाज

नलिनीबाई गेल्या त्याला आता पाच आठवडे झाले. त्यांच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी बिबवेवाडीत बसथांब्यावर होतो. "मावशी सकाळी गेली," एवढंच ती म्हणाली. माझी बस आली, निघून गेली... मी तिथेच उभा.

कॉलेजात त्या मला प्राणिशास्त्र शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. बाईंनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "पहाटे उठता येतं का आपल्याला, की पदवी झोपेतच घेणार?" तेव्हापासून त्यांच्याबरोबर रानातले पक्षी मोजू लागलो. ठरलेल्या जागी दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, पक्षी नोंदवायचे, मग झुडपं, ढोलीची जुनी झाडं बघायची आणि ते रान पक्ष्यांना राहण्याजोगं किती, यावर शेरा द्यायचा. दाट झाडीत पक्षी दिसतो कमी, कळतो आवाजावरूनच. ऐकायचं बाईंनी, लिहायचं मी.

गेल्या वर्षी शहराच्या दक्षिणेची एक घळ, जी आम्ही दरवर्षी मोजायचो, अहवालासाठी आमच्याकडे आली. ती राखीव ठेवायची की तिथून रस्ता काढायचा, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं. झाडी पूर्वीइतकीच दाट, पण पक्षी निम्मे. "रान नुसतं उभं आहे, आतून रिकामं झालंय," बाई म्हणाल्या. शेरा सांगितला, निकृष्ट. मी लिहिला. पण त्याच दहा मिनिटांत निखाराची बारीक शीळ मला दोनदा ऐकू आली होती, आणि चष्मेवाल्यांचा थवा तर डोक्यावरच होता.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. तांबट, होला, भारद्वाज दरवर्षी तेवढेच. नाहीसे झाले होते ते फक्त बारीक आवाजाचे. अहवाल दुसऱ्या दिवशी जायचा होता.

तसाच शनिवार पेठेत त्यांच्या घरी गेलो.

"बाई, घळीचा शेरा बदलावा लागेल."

"का? दया आली आपल्याला? दयेनं पक्षी वाढत नाहीत."

मी वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. "पक्षी आहेत, बाई. तुम्हाला ऐकू येत नाहीत."

त्यांनी चष्मा लावला. एकेक पान उलटत गेल्या. आता घराबाहेर काढणार, असं वाटत होतं.

"चार वर्षं," शेवटी त्या म्हणाल्या. "तुला येत होते ऐकू?"

"कधीकधी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगितलं नाहीत म्हणजे माझीच चूक, असं वाटायचं."

"म्हणजे दोघांनी मिळून केलंय हे," त्या म्हणाल्या. "आणि या चार वर्षांत आपण निकृष्ट ठरवलेल्या त्या तीन जागा?"

त्यांतली एक तोवर सपाट झाली होती, हे दोघांनाही माहीत होतं.

त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'माझी श्रवणशक्ती कमी झाली आहे. माझ्या मागील चार वर्षांच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत.' खाली सही, पूर्ण नावानं. उभ्या आयुष्याची कमाई होती ती, त्यांनी ती दोन ओळींत खाली ठेवली.

घळ आम्ही पुन्हा मोजली. या वेळी ऐकणारा मी, लिहिणाऱ्या बाई. बोलायचं नसल्यानं मी बोट वर करायचो, ओठांनी नाव सांगायचो, आणि त्यांची पेन्सिल थांबली की बोट खाली घ्यायचो. घळ राखीव यादीत गेली. सपाट झालेली जागा मात्र सपाटच राहिली. तिचं नाव बाईंनी पुन्हा काढलं नाही, मीही नाही.

आता एकटाच जातो. लिहितोही मीच. तरी निखार बोलला की बोट वर जातं... आणि त्यांचं लिहून होईपर्यंत मी ते खाली घेत नाही.